पन्नासपर्यंत म्हणता येतं, मग चार चमचे का आणता येत नाहीत?

'आमची मुलगी साडेतीन वर्षांची आहे. एक ते पन्नास घडाघडा म्हणते. पण चार चमचे आण म्हटलं की हाताला लागतील तेवढे घेऊन येते. तिला मोजता येतं की नाही?' हा प्रश्न थोड्याफार फरकानं मला नेहमी विचारतात, आणि 'मुद्दाम करते का हो?' अशी शेपटीही बऱ्याचदा जोडलेली असते. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

मुद्दाम नाही. आणि मोजता येतं का, तर तेही अजून नाही. तिला आकड्यांची नावं ओळीनं म्हणता येतात. मोजणं हे वेगळं काम आहे. या वयात ती नावं बडबडगीतासारखी सलग पाठ असतात. तिला मधूनच विचारून बघा, 'सहानंतर काय?' बरीच मुलं परत एकपासून सुरू करतात, सहापर्यंत येतात आणि मग 'सात' म्हणतात. काही तर सहावर थांबतच नाहीत, तशीच पुढे निघून जातात. 'सहा' हा सुटा शब्द म्हणून अजून हाती आलेला नसतो, त्याचा अर्थ तर पुढची गोष्ट.

नेमकं किती कळतं हे पाहायला पाच-दहा मिनिटं पुरतात. एकाच रंगाचे, एकाच मापाचे दहा-बारा ठोकळे घ्या. मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर तोंडात जाणार नाहीत एवढे मोठे. एक बाहुली आणि तिच्यापुढे रिकामी ताटली. ठोकळ्यांचा ढीग मुलीपुढे ठेवा आणि म्हणा, 'बाहुलीला एक ठोकळा दे.' दिला की 'हा एक आहे ना?' एवढंच विचारा, चेहऱ्यावर काही दिसू न देता. (हेच सगळ्यात अवघड जातं. मुलं ठोकळ्यांपेक्षा मोठ्यांच्या भुवया जास्त नीट वाचतात.) ठोकळे परत ढिगात टाका आणि आता तीन मागा. जमलं तर पुढच्या वेळी चार, चुकलं तर दोन. बरोबर आलं की एकानं वर, चुकलं की एकानं खाली. जिथे गाडी अडते तिथला आकडा तीनदा मागा, पण लागोपाठ नव्हे, मध्ये दुसरे आकडे मागत. तीनातून दोनदा बरोबर आला तर तो कळतो असं धरा. फक्त एक पथ्य आहे. मुलगी दोन मागितले तरी दोन, तीन मागितले तरी दोन आणि पाच मागितले तरी दोनच देत असेल, तर तिला 'दोन' कळलं असं म्हणायचं नाही. दोन देणं ही तिची सवय आहे.

ही पद्धत कॅरन विन या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या १९९० आणि १९९२ सालच्या अभ्यासांमुळे सर्वत्र वापरात आली. त्यातून दिसलेली गोष्ट अशी की मुलं आकड्यांचे अर्थ एकेक करून, ठरलेल्या क्रमानं शिकतात. आधी कुठलाच आकडा कळत नाही. मग 'एक' कळतो: एक मागितला तर एक मिळतो, बाकी काहीही मागितलं तर मूठभर. त्यानंतर काही महिन्यांनी 'दोन', पुन्हा काही महिन्यांनी 'तीन', काही मुलांच्या बाबतीत 'चार'. आणि मग एकदम उडी. पाच, सहा, सात असे वेगळे टप्पे कुणी घेत नाही. तीन-चार या आकड्यांनंतर मुलाला कळतं की मोजताना जो आकडा शेवटी येतो, तेवढ्या वस्तू असतात, आणि त्यानंतर जिथवर आकडे पाठ असतील तिथवरचं सगळं मोजून देता येतं. 'एक' कळल्यापासून या उडीपर्यंत वर्षभर सहज जातं. जिथे या विषयाचा सर्वाधिक अभ्यास झालाय त्या शहरी, शाळा-पुस्तकांच्या वातावरणातली मुलं बहुधा साडेतीन ते चार वर्षांच्या दरम्यान ही उडी घेतात. पण त्या वयाला फार चिकटून राहू नका. बोलिव्हियातल्या शेती आणि शिकार करून राहणाऱ्या त्सिमाने लोकांच्या मुलांमध्ये हेच टप्पे याच क्रमानं दिसले, फक्त बऱ्याच उशिरा.

आता त्या मूठभर चमच्यांकडे परत येऊ. ते मला फार मोलाचे वाटतात. नीट पाहिलंत तर दिसेल, 'चार आण' म्हटल्यावर ती एक चमचा कधीच आणत नाही. म्हणजे 'चार' हा शब्द रंगाबद्दल किंवा आकाराबद्दल नाही, तो 'किती' याबद्दल आहे, हे तिला ठाऊक आहे. एवढंच काय, 'एक' हा शब्द एकासाठी राखीव आहे, तेव्हा 'चार' म्हणजे एक नसलेलं काहीतरी असणार, हा तर्कही तिनं केलाय. विन यांच्या अभ्यासात मुलांना दोन चित्रं दाखवली, एकात एक वस्तू आणि दुसऱ्यात अनेक. ज्यांना फक्त 'एक' कळत होता, ती मुलंसुद्धा मोठा आकडा विचारल्यावर अनेक वस्तूंच्या चित्राकडे बोट दाखवत. तिच्या ज्ञानाच्या हिशेबानं मूठभर हे बरोबर उत्तर आहे.

गाडी तीन-चारपाशीच का अडते, याचं उत्तर बोलता येण्याच्याही आधीचं आहे. बाळाकडे जन्मानंतर थोड्याच काळात संख्या जोखण्याचे दोन मार्ग दिसतात. एक अंदाजाचा: सहा महिन्यांच्या बाळाला ८ ठिपके आणि १६ ठिपके यांतला फरक जाणवतो, पण ८ आणि १२ मधला जाणवत नाही. नऊ महिन्यांच्या सुमारास तोही जाणवू लागतो. हा अंदाज वयाबरोबर धारदार होत जातो, पण नेमका कधीच होत नाही. दुसरा मार्ग नेमका आहे, पण त्याचा आवाका तीनच वस्तूंचा. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांसमोर दोन डब्यांत एकेक करून बिस्किटं टाकली. एका डब्यात एक आणि दुसऱ्यात दोन असतील तर बाळं दोनवाल्या डब्याकडे रांगत गेली. दोन विरुद्ध तीन हेही जमलं. पण दोन विरुद्ध चार म्हटलं की कुठल्याही डब्याकडे. पुढच्या एका प्रयोगात तर एक विरुद्ध चार हेही जमलं नाही! फरक वाढला तर काम सोपं व्हायला हवं, पण डब्यात चौथं बिस्किट गेलं की बाळाच्या मनातला हिशेबच कोलमडतो. 'एक', 'दोन', 'तीन' हे शब्द मूल याच छोट्या, नेमक्या मार्गावर बसवतं. तीन-चारच्या पुढे तो मार्ग संपतो, तिथे मोजण्यावाचून इलाज नसतो. ती उडी मूल नक्की कशी घेतं, यावर संशोधकांचं अजून भांडण चालू आहे. घेतं, यावर नाही.

मोठ्यांची सर्वाधिक फसगत होते ती 'किती?' या प्रश्नानं. चार ठोकळे मांडा आणि विचारा, 'किती आहेत?' मूल बोट लावत म्हणतं, 'एक, दोन, तीन, चार.' छान. लगेच पुन्हा विचारा, 'मग किती आहेत?' ते पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं. त्याच्या लेखी 'किती' म्हणजे मोजून दाखवण्याची आज्ञा. काही मुलं शेवटचा शब्द ठासून म्हणतात, 'चार!', आणि आपण खूश होतो. पण 'किती' विचारलं की शेवटचा शब्द परत म्हणायचा एवढीच युक्ती ती शिकलेली असू शकतात. म्हणून उत्तर मागण्यापेक्षा वस्तू मागा. शब्द अडत असेल तर बोटांनाही संधी द्या. ज्यांना 'तीन' अजून कळत नाही, अशी मुलं दोन-तीन वस्तू पाहून शब्दापेक्षा बोटांनी जास्त बरोबर उत्तर देतात, हे अभ्यासात दिसलेलं आहे. तोंडातून 'पाच' निघतं आणि बोटं मात्र तीन वर असतात. त्या वेळी बोटांवर विश्वास ठेवा.

मग करायचं काय? चाचणीत तिला जो आकडा कळतो असं दिसलं, त्याच्या लगेच पुढचा धरा. दोन कळतो तर तीन. वीस-पंचवीसच्या मागे लागू नका. वस्तू समोर दिसत असताना आधी नाव, मग मोजणी, मग पुन्हा नाव: 'हे बघ, तीन ठोकळे. एक, दोन, तीन. तीन ठोकळे.' चित्रांच्या पुस्तकावर करून पाहिलेल्या एका प्रयोगात नुसतं मोजून दाखवल्यानं किंवा नुसतं 'तीन' म्हटल्यानं मुलं पुढे सरकली नाहीत. दोन्ही लागोपाठ केलं तेव्हा सरकली. आपण घरी नेमकं उलटं करतो: जिने चढताना एक ते बारा मोजतो, पण बारा झाल्या हे सांगत नाही, आणि पायऱ्या तर मागे गेलेल्या असतात, एकत्र दिसतही नाहीत. वस्तू बदलत राहा, नाहीतर 'तीन' हे त्या लाल ठोकळ्यांचंच नाव होऊन बसतं. आणि 'हे तीन नाहीत, हे दोन आहेत' हेही शेजारी ठेवून दाखवा.

आपली भाषाही इथे कामाला येते. ज्या भाषांत एकवचन-अनेकवचन ठळक असतं, त्या भाषांतली मुलं 'एक'चा अर्थ जपानी किंवा चिनी मुलांपेक्षा लवकर पकडतात. आणि स्लोव्हेनियनसारख्या, द्विवचन जिवंत असलेल्या भाषेत 'दोन' लवकर कळतो. मराठीत चमचा-चमचे, फूल-फुलं असा स्पष्ट फरक आहे, पण दगड मात्र एक असो की दहा, दगडच. तेव्हा सुरुवातीला चमचे, ठोकळे, फुलं घ्या, आणि दगडच हवे असतील तर 'मोठा दगड पडला, मोठे दगड पडले' असं पूर्ण वाक्य बोला, म्हणजे फरक विशेषणात आणि क्रियापदात ऐकू येईल. हा माझा अंदाज आहे, पण करायला काही खर्च नाही.

मोजण्यातल्या बऱ्याच चुका हाताच्या असतात, डोक्याच्या नव्हे. तोंड बोटापेक्षा पुढे धावतं, किंवा गोलात मांडलेल्या वस्तूंत सुरुवात कुठून केली ते विसरायला होतं. वस्तू एका ओळीत मांडा. नाहीतर मोजलेली वस्तू उचलून डब्यात टाकायला सांगा, एक शब्द, एक वस्तू. बोट नुसतं हवेत फिरवण्यापेक्षा वस्तूला टेकवलं तर चुका कमी होतात. दर वेळी 'एक, दोन, तीन, पाच' असंच म्हणणारं मूल असेल तर घाबरू नका. क्रम पक्का असावा लागतो हे त्याला कळलंय, एक शब्द तेवढा गळलाय.

उडी घेतल्यावरही बरंच उरतं. डब्यात पाच ठोकळे आहेत हे माहीत असताना त्यात आणखी एक टाकला, तर आता सहा की सात? नुकतंच मोजायला शिकलेल्या मुलाला हे लहान आकड्यांसाठी सांगता येऊ लागतं, मोठ्या आकड्यांसाठी मात्र बऱ्याचदा नाही. ओळीतले ठोकळे लांब-लांब पसरले की 'आता जास्त झाले' हे तर बरीच मुलं सहा-सात वर्षांपर्यंत म्हणतात. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांचा हा प्रसिद्ध शोध. त्यात १९७४ साली एक गमतीची दुरुस्ती झाली. ठोकळे मोठ्या माणसानं हलवण्याऐवजी एका खोडकर अस्वलबाहुलीनं विस्कटले, तेव्हा चार ते सहा वर्षांची कितीतरी जास्त मुलं 'तेवढेच आहेत' म्हणाली. मोठं माणूस मुद्दाम काही करतं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतं, तेव्हा उत्तर बदलायला हवं असेल, असं मुलाला वाटतं. तुमच्या मुलीची चाचणी घेतानाही हे लक्षात असू द्या. एकच प्रश्न लागोपाठ विचारलात तर ती पहिलं, बरोबर उत्तर सोडून देऊ शकते.

दहाच्या पुढे मराठीत वेगळीच परीक्षा आहे. पंचवीसमध्ये पाच आधी ऐकू येतात आणि वीस नंतर, म्हणून मुलं लिहिताना ५२ लिहितात. एकोणतीसमध्ये तर तीसचं नाव आधीच येऊन बसलंय, आणि लिहायचा मात्र २. चिनी भाषेत अकरा म्हणजे सरळ 'दहा-एक' असतं, आणि तिथली मुलं अकरा ते वीस हा टप्पा इंग्रजी बोलणाऱ्या मुलांपेक्षा लवकर पार करतात. दहापर्यंत मात्र फरक दिसत नाही. तेव्हा तिला एकोणपन्नास येत असेल तर तिच्या पाठांतराचं कौतुक जरूर करा.

ती पाच वर्षांची झाली, रोज वस्तूंबरोबर आकडे तिच्या कानावर पडत आहेत आणि तरीही दोनच्या पुढे जात नाही, असं झालं तर आधी तिला नीट ऐकू येतं का आणि भाषा वयाप्रमाणे आहे का हे तपासून घ्या. गणिताची शिकवणी हा त्यानंतरचा विचार. साडेतीनला मूठभर चमचे येत असतील तर त्यातलं काहीच करायला नको. आज ठोकळे घेऊन बसा, तिचा आकडा शोधा. समजा तो दोन निघाला, तर पुढचे काही आठवडे घरात तीन चमचे, तीन बटणं, तीन फुलं. चाचणी महिन्याभरानं पुन्हा घ्या, त्याआधी नको.