शब्दशोध अपडेट: डूलॅली आणि आपली देवळाली

मंडळी, आपल्याकडून इंग्रजीत गेलेल्या शब्दांपैकी मागच्या वेळी 'ब्लायटी' (सोल्जरच्या बोलीत मायदेश, ब्रिटन) झाला, विलायती-बिलायती करत ब्रिटिश सोल्जरच्या तोंडी गेलेला. या महिन्यात 'डूलॅली' घेतलाय आणि हा तर थेट नाशिकच्या शेजारचाच निघाला. ब्रिटनमध्ये कुणी 'डूलॅली' झाला म्हणजे त्याचं डोकं फिरलं, सटकला. मूळ गाव आपली देवळाली, मुंबईहून जाताना नाशिक रोडच्या अलीकडचं स्टेशन.

तिथे १८६१ पासून सैन्याचा कॅम्प. नोकरीची मुदत संपलेले सोल्जर इथे यायचे आणि विलायतेच्या जहाजाची वाट बघत बसायचे, पण सैन्याची जहाजं हिवाळ्याच्या सीझनलाच चालायची, त्यामुळे ज्याची मुदत मार्चनंतर भरली तो उन्हाळा-पावसाळा तिथेच अडकायचा, हाताला काम नाही, वर ऊन, मलेरिया, दारू. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या जुन्या सोल्जरने १९३६ च्या आठवणींत लिहिलंय की वर्षानुवर्षं सरळ वागलेले लोक इथे येऊन काहीतरी भानगड करून तुरुंगात जायचे, नाहीतर गुप्तरोग घेऊन हॉस्पिटलात. त्याच्या मते हा शब्द त्या कंटाळ्यातूनच आला. तिथे वेड्यांचं इस्पितळ होतं म्हणून शब्द आला असंही सगळीकडे सांगतात, पण मला ती गोष्ट जरा जास्तच सोयीची वाटते. रिकामटेकडेपणाने माणूस बिघडतो हे पटायला इस्पितळ कशाला लागतं?

आता खरी मजा. जुना शब्द नुसता डूलॅली नाहीच, 'डूलॅली टॅप' आहे, फ्रेझर आणि गिबन्स यांच्या १९२५ च्या सैनिकी शब्दांच्या कोशात तसाच सापडतो. आणि हा टॅप म्हणजे नळ नाही, टकटक पण नाही, तो आपला ताप! हिंदुस्थानीतला तप किंवा ताप, म्हणजे अख्ख्या शब्दाचा अर्थ देवळालीचा ताप. आपण 'डोक्याला ताप' म्हणतो ना, त्यातलाच. माझा अंदाज असा की इंग्रजी कानाला 'टॅप' म्हणजे डोक्यावरची टपली वाटली असणार, आणि पुढे तो गळलाच, आज फक्त डूलॅली उरलाय. पुण्यात सुरू झालेल्या 'डूलॅली' नावाच्या बिअरवाल्यांनी मात्र नावाला टॅपरूम (नळातून बिअर देणारा पब) जोडून टॅप परत आणलाय, भले तो नळाचा असो 😄

पुढचा नंबर 'डेक्को'चा (इंग्रजी बोलीत 'एक नजर'), तो सोपा आहे, 'देखो' समोरच दिसतंय. देवळाली कॅम्पातलं कुणी असेल तर सांगा, तिथल्या जुन्या लोकांच्या बोलण्यात गोऱ्या सोल्जरांसाठी काही खास शब्द होता का?