गाणे ऐकायचे सोडून

नागपुरात आमच्या धरमपेठेतल्या घरी पुस्तकांच्या कपाटापुढे उभे राहिलेले पाहुणे मला हमखास एक प्रश्न विचारतात: "तुम्हाला गाता येत नाही, पेटीवर बोट ठेवता येत नाही, मग गाण्याने पछाडलेल्या लोकांवरची ही पुस्तके कशासाठी? तेवढ्या वेळात गाणेच का ऐकत नाही?" आजवर मी हसून चहाचा विषय काढत आलो. तुम्हीही तेच विचारलंत आणि उत्तर लेखी मागितलंत, म्हणून हे सविस्तर.

याचे मूळ महाल भागातल्या माझ्या मामांच्या खोलीत आहे. त्यांच्याकडे ग्रामोफोनच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, शे-सव्वाशे तबकड्या होत्या. तबकडी लाखेची, पडली की फुटणार आणि तापली की वाकणार. पारा ४५ अंशांना टेकला की मामा त्या लोखंडी कपाटातून काढून आतल्या अंधाऱ्या खोलीत उभ्या रचून ठेवत. ओलाव्याने लेबलांना बुरशी धरते म्हणून त्या खोलीत कूलरही लावू देत नसत, आणि त्यावरून मामी दर उन्हाळ्यात एकदा तरी माहेरी निघून जाण्याची धमकी देत. तीन-सव्वातीन मिनिटांच्या गाण्यासाठी मामांची तयारी दहा मिनिटे चाले: मऊ फडक्याने तबकडी पुसायची, पोलादी सुई नवी लावायची, चावी भरायची. मग वहीत तारीख आणि शेरा. अब्दुल करीम खाँ यांच्या झिंझोटी रागातल्या ठुमरीपुढे त्यांनी एकदा लिहिले होते, "आज प्रथमच मुखड्याआधीचा श्वास ऐकू आला." ती तबकडी ते तेव्हा वीस वर्षे ऐकत होते. घरात आम्ही सगळेच त्यांना चक्रम समजत होतो.

पुढे कितीतरी वर्षांनी बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला अमांडा पेट्रुसिच या अमेरिकन लेखिकेचे २०१४ सालचे, ७८ फेऱ्यांच्या तबकड्या जमवणाऱ्यांवरचे पुस्तक मिळाले. पॅरामाउंट नावाची तबकड्यांची कंपनी तिकडे खुर्च्या बनवणाऱ्या एका कारखान्याने काढली होती; ती बुडाल्यावर कामगारांनी तबकड्या मिलवॉकी नदीत भिरकावल्या, अशी आख्यायिका आहे. केवळ तेवढ्यावर विसंबून ही बाई पाण्याखाली बुडी मारण्याचे शिक्षण घेऊन त्या नदीत उतरली. तबकडी काही सापडली नाही. त्याच पुस्तकात जेम्स मक्यून हा संग्राहक भेटला. ब्रुकलिनमध्ये वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या वसतिगृहातल्या एका खोलीत राहणाऱ्या या माणसाचा सारा संग्रह पलंगाखालच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत मावत असे. १९३४ मध्ये वारलेला, ब्लूज हे अमेरिकन कृष्णवर्णीयांचे लोकसंगीत गाणारा चार्ली पॅटन जवळपास विस्मरणात गेला असताना, १९४४ मध्ये मक्यूनने त्याची एक झिजलेली तबकडी विकत घेतली आणि ती इतर संग्राहकांना आग्रहाने ऐकवली. आज पॅटनला जो मान आहे त्याची सुरुवात बऱ्याच अंशी तिथून झाली. हे वाचताना मला सारखी महालातली ती अंधारी खोली दिसत होती. मामांना मी प्रथम ओळखले ते या परक्या पुस्तकात.

अर्थात या प्रकारची सगळीच पुस्तके वाचनीय नसतात. निव्वळ स्तुतिग्रंथ मी दहा पानांत मिटतो, आणि वेड्यांची टिंगल करणारी तर त्याही आधी. लेखकाला हसू यावे, पण हसता हसता त्यानेही तबकडी कानाशी धरावी, एवढी माझी अपेक्षा असते. मला खटकते ते वेगळेच: या पुस्तकांत तबकड्या जपणाऱ्यांचे कौतुक पानोपानी येते, पण त्यांच्यापायी कूलरविना मे महिना काढणाऱ्या मामी मात्र क्वचितच भेटतात.

राहिला प्रश्न ऐकण्याचा. मी ऐकतोच, पण धड कानसेनही नसल्यामुळे मला एकट्याला गाण्यात फारसे काही सापडत नाही. कान कुठे लावायचा हे कोणीतरी वेड्याने आधी सांगावे लागते. मामांच्या तबकड्या त्यांच्यामागे विकल्या गेल्या, वही तेवढी माझ्याकडे आली. तो शेरा वाचून मी ती ठुमरी मोबाइलवर, कानात हेडफोन घालून, कितीदा तरी ऐकली आहे. खरखर साफ केलेली आवृत्ती आहे ती. श्वास अजून ऐकू आलेला नाही. कदाचित खरखरीबरोबर तोही पुसला गेला असेल.