शेवळं घेतलीत, काकडं घेतलीत का?

मुरबाडच्या बाजारात जूनच्या सुरुवातीला शेवळं या रानभाजीच्या जुड्या येतात. पान अजून जमिनीखालीच असतं. आधी फुलाचा दांडा वर येतो, तपकिरी-जांभळ्या आवरणात गुंडाळलेला. जुडी उचलण्याआधी विकणाऱ्या मावशीला विचारायचं, “काकडं आणलीत?” ती टोपलीच्या तळाशी हात घालून लहान आवळ्याएवढी हिरवी, कडक फळं मूठभर काढून देते. तिने आणली नसतील तर पुढच्या मावशीकडे जायचं.

शेवळ हे सुरणाच्या घरातलं. अळू, सुरण, शेवळ या सगळ्यांच्या अंगात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते जिभेत आणि घशात रुततात आणि खाज सुटते. काकड हे जंगलातलं मोठं झाड, त्याचं फळ तोंड वाकडं होईल इतकं आंबट, आणि तो आंबटपणाच शेवळाची खाज मारतो. दोन्ही एकाच हंगामात, एकाच डोंगरउतारावर मिळतात. शेवळाचं बाहेरचं आवरण सोलायचं, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, उरलेलं अगदी बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं. काकडं ठेचून त्यांचा रस पिळून त्यात घालायचा आणि मंद आचेवर शिजू द्यायचं. आमच्याकडे वाल घालतात. मुंबई-ठाण्याच्या सीकेपी आणि पाठारे प्रभू घरांत कोलंबी किंवा खिमा. काकडं नसतील तर चिंच, पण सासूबाईंना ते चालत नसे.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांचं माहेर नाणेघाटाच्या वर, जुन्नरच्या पश्चिमेकडचं. सासर घाटाखाली, मुरबाड तालुक्यात. घाटमाथ्यावरच्या आणि घाटाखालच्या रानाची त्यांना सारखीच माहिती होती. लग्नानंतर मी त्यांच्या मागे मागे रानात जायला लागले. आता कल्याणला राहते, तरी सरपण आणि भाजीच्या निमित्ताने त्या जे बोलायच्या ते अजून कानात आहे. “शेवळाला काकड, कडूकांद्याला राख, बिब्ब्याला तेल. त्याशिवाय हात लावू नको गो.”

हे मुद्दाम लिहायला बसण्याचं कारण आहे. फोनवर रोज कुठल्यातरी झाडाचे ‘औषधी उपयोग’ येतात. झाडाचं नाव, फोटो, खाली गुणांची यादी: पचनाला उत्तम, सांधेदुखीवर रामबाण, रक्तशुद्धी. कधी तोडायचं, कोणता भाग फेकायचा, कशासोबत शिजवायचं, हात कसे वाचवायचे, यातलं काहीच नसतं. आत्याबाईंनी मला एकाही झाडाचा ‘उपयोग’ असा सांगितला नाही. त्यांनी हाताळणी शिकवली, आणि माझ्या मते रानाचं सगळं ज्ञान त्या हाताळणीतच आहे. ती काढून टाकली तर उरलेली यादी माणसाला इजा करू शकते.

कडूकांद्याचंच, म्हणजे रानातल्या कडू करांद्याच्या कंदाचंच बघा. करांद्याची वेल सगळ्यांनी पाहिलेली असते: हृदयाच्या आकाराची मोठी पानं आणि पानांच्या बेचक्यात लटकणारे बटाट्यासारखे गोळे. घराजवळ लावलेले करांदे मिठाच्या पाण्यात उकडून थंडीत बाजारात विकायला येतात, तेही किंचित कडवट लागतातच. रानातल्या कडू जातीचा कांदा मात्र तसाच उकडून खाल्ला तर उलट्या होतात. आमच्या शेजारच्या कातकरी वाडीतल्या बायका त्याच्या पातळ चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात उकळायच्या, मग टोपलीत भरून टोपली ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायच्या. सकाळी एक चकती जिभेवर ठेवून बघायची. कडू लागली तर टोपली परत पाण्यात. कणगीतले दाणे संपले आणि नवं पीक अजून शेतात उभं असलं की हेच जेवण. साचलेल्या पाण्यात हे होत नाही, पाणी वाहतंच हवं. ज्यांनी उपासमारीच्या दिवसांत हे शोधून काढलं त्या बायकांबद्दल मला फार आदर वाटतो. एका विषारी कंदातून घरभर पोट भरेल असं अन्न काढणं ही मोठी विद्या आहे, आणि ती कुठल्याही शाळेत शिकवली गेली नाही.

बिब्बा त्याहून कठीण. काजू आणि आंब्याच्या कुळातलं हे झाड. फळाचं रूप काजूसारखंच: वर नारिंगी गरदार बोंड, खाली काळी, चपटी, टणक बी. बोंड वाळवून खातात, त्याला बिब्ब्याची फुलं म्हणतात. बीच्या आतला गर म्हणजे गोडंबी, जी थंडीत डिंकाच्या लाडवात घालतो. पण बोंड आणि गोडंबी यांच्या मध्ये जी साल आहे तिच्यातलं काळं तेल अंगाला लागलं तर कातडी भाजल्यासारखी उतते, फोड येतात, आणि खाजवलेला हात दुसरीकडे लागला तर तिथेही. गोडंबी फोडणाऱ्या बायका हाताला तेल आणि राख फासून बसतात, तरी त्यांची बोटं काळी पडलेली असतात. लाडवात गोडंबी घालताना मला ती बोटं आठवतात आणि तिचा भाव जास्त वाटत नाही.

तेच तेल परीट कपड्यांवर खुणा करायला वापरत. बिब्ब्याचा डाग चुन्याने पक्का होतो आणि कितीही धुतला तरी जात नाही. भेगा पडलेल्या टाचांना बिब्बा लावणं आणि खोकल्यासाठी बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरून त्याचे थेंब दुधात पाडणं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आत्याबाई हे दुसऱ्या कोणाला करू देत नसत. घरात कोणाच्या अंगावर बिब्बा उततो, कोणाच्या नाही, हे त्यांना माहीत होतं आणि ज्याच्या अंगावर उततो त्याला त्या जवळही येऊ देत नसत. त्यामुळे हे वाचून कोणी घरी बिब्बा तापवू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे. उतलाच तर तीळ आणि खोबरं वाटून लावायचे, आणि फोड पसरले तर सरळ डॉक्टरकडे जायचं.

घरासाठी लागणाऱ्या गोष्टींची गंमत अशी की त्या सोप्या दिसतात, पण त्यातही वेळ पाळावी लागते. कारवीच्या सरळ काठ्या उभ्या-आडव्या बांधून वरून शेणमातीचा गिलावा दिला की भिंत झाली. पाऊस आला तरी आत उबदार, उन्हाळ्यात थंड. कारवी सात वर्षांनी एकदा सगळ्या डोंगरावर एकदम फुलते, बी धरते आणि मरते. तिची सुकलेली फळं तडकायला लागतात तेव्हा उतारावर उभं राहिलं तर सगळीकडून टकटक ऐकू येतं. बी खाली पडून गेलं की वाळलेल्या काठ्या न्यायला हरकत नसे; फुलावर असलेली कारवी तोडली की आत्याबाई रागवायच्या.

पळसाची पानं पत्रावळीसाठी वैशाखात, पूर्ण उघडलेली पण अजून मऊ असताना काढायची, दगडाखाली दाबून सपाट करायची, मग बांबूच्या बारीक काड्यांनी टाचायची. जुनी पानं फाटतात, कोवळी सुकून आक्रसतात. पळसाच्या मुळीपासून वाक, म्हणजे तंतू, काढून दोरही वळत. ऐनाच्या झाडाची साल ठेचून पाण्यात उकळली की लालसर-तपकिरी रंग उतरतो. किनाऱ्यावरचे कोळी सुताची जाळी त्यात बुडवत, कारण त्या सालीतल्या टॅनिनने सूत खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नसे. नायलॉन आलं आणि ते काम संपलं.

कुंभ्याबद्दल मात्र थोडं थांबून सांगते, कारण हे झाड मला फार आवडतं. मार्चच्या आसपास पांढऱ्या-गुलाबी केसरांची मोठी फुलं येतात आणि सकाळी झाडाखाली सडा पडलेला असतो. ती फुलं सुकवून वाकुंभा म्हणून बाळंतिणीला देत. याची साल जाड आणि तंतुमय. तिचा दोर पेटवला तर ज्वाळा न होता हळूहळू धुमसत राहतो. तोड्याच्या बंदुकीचा तोडा म्हणजे जळत ठेवलेली वात, आणि ती वात कुंभ्याच्या सालीपासून करत. सह्याद्रीतले किल्ले बघायला जाणारी कितीतरी मुलं वाटेत या झाडाला टेकून फोटो काढतात. त्यांना हे कोणी सांगत नाही, म्हणून मी भेटेल त्याला सांगते.

मोहाविषयी लिहायचं तर वेगळी पोस्ट लागेल. एवढंच सांगते की झाडाखालची जागा झाडून ठेवायची आणि पहाटे पडलेली फुलं उजाडता उजाडता वेचायची. जागा साफ करायला काही ठिकाणी पाचोळा पेटवतात आणि त्यातून वणवे लागतात. झाडू मारायला जास्त वेळ लागतो, पण जंगल वाचतं. दारूबंदीच्या जुन्या कायद्यामुळे ही फुलं घरात ठेवणंही वर्षानुवर्षं अडचणीचं होतं. २०२१ मध्ये राज्य सरकारने ते निर्बंध उठवले. ज्या घरांत सुक्या मोहाची फुलं तिळाबरोबर भाजून मुलांना खाऊ म्हणून देत, त्यांना ही मोकळीक फार आधी मिळायला हवी होती.

औषधाच्या बाबतीत एकच उदाहरण देते, कुड्याचं. पांढऱ्या कुड्याची साल आमांशावर देतात, वैद्यांचं कुटजारिष्ट त्याचंच. त्याच रानात काळा कुडा असतो. तोही पांढऱ्या फुलांचा, तोही चीक देणारा, त्यालाही जोडीने लांब शेंगा. त्याच्या सालीला तो गुण नाही. युरोपातल्या औषधबाजारात पूर्वी पांढऱ्या कुड्याची साल जात असे, आणि दोन्ही साली मिसळल्या गेल्यामुळे तिचं नाव तिथे खराब झालं. आत्याबाई शेंगा बघायच्या. काळ्या कुड्याच्या जोडशेंगांची टोकं कोवळेपणी एकमेकींना चिकटलेली असतात, पांढऱ्याच्या मोकळ्या. शेंगा नसतील त्या दिवसांत साल काढायचीच नाही, असा त्यांचा नियम होता. काढली तरी खोडाच्या एकाच बाजूची पट्टी, वेढा कधीच नाही, कारण सगळीकडून साल गेली की झाड वाळतं.

शेवटी हिरडा, आत्याबाईंच्या माहेरचा. जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांच्या पश्चिमेला आणि नगरकडच्या अकोले तालुक्यात महादेव कोळी या आदिवासी समाजाच्या घरांचं वर्षाचं रोख उत्पन्न बऱ्याच अंशी हिरड्यावर चालतं. विकला जातो तो मुख्यतः बाळहिरडा, म्हणजे आत बी धरायच्या आधीचं कोवळं फळ. साधारण मार्चपासून मेपर्यंत हा हंगाम. फळ काढून उन्हात वाळवलं की सुरकुतून काळं होतं. आठवडाभर उशीर झाला आणि आत बी टणक झाली तर तो बाळहिरडा राहत नाही आणि भाव पडतो. वाळत घातलेल्यावर अवकाळी पाऊस आला तर बुरशी धरते, म्हणून त्या दिवसांत घरातलं एक माणूस आभाळाकडे लक्ष ठेवून अंगणातच असतं. पूर्ण पिकलेलं मोठं फळ थंडीत मिळतं, ते कातडी कमावायला जातं. त्याच फळाच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, टाकला की काळी शाई होते.

व्यापाऱ्यांबरोबरच आदिवासी विकास महामंडळही हिरडा खरेदी करतं. हे महामंडळ १९७२ मध्ये स्थापन झालं. खरेदी वेळेवर सुरू झाली तर घरात पैसे येतात. उशीर झाला तर व्यापारी म्हणेल त्या भावाला द्यावा लागतो, कारण शाळेची फी आणि बियाणं दोन्ही जूनमध्येच लागतं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात त्या पट्ट्यातली हिरड्याची मोठी मोठी झाडं पडली. आत्याबाईंच्या माहेरी बांधावर आजोबांच्या वेळेपासूनची झाडं होती, त्यांतली काही मुळासकट उलटली. भाचे आता त्या जागी रोपं लावत आहेत. हिरडा सावकाश वाढतो, म्हणून गुरं खाऊ नयेत यासाठी त्यांनी प्रत्येक रोपाभोवती करवंदीच्या काटेरी फांद्यांचं कुंपण घातलं आहे. पावसाळ्यात तिकडे जाणाऱ्या कोणाला बी किंवा रोपं हवी असतील तर गावात विचारा, बाळहिरडा वाळवणारी बाई पिकल्या फळाची बीही सांभाळून ठेवते आणि कशी पेरायची तेही सांगते.