पुदिन्याची जुडी आणि उसाची चिपाडं

आज नाशिकच्या गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून पुदिन्याची एक जुडी आणली. पानं चटणीला, दांडे पाण्यात. आठवड्याभरात मुळं फुटली की कुंडीत. रोप विकत कशाला घ्यायचं? धणे-मेथी तर घरच्या डब्यातलीच. धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाका करायच्या. आता ऊन चढतंय, कोथिंबीर लगेच फुलावर जाते, म्हणून ती सावलीच्या खिडकीत.

खरा खर्च मातीचा. नर्सरीत पोत्याचा भाव ऐकला की हात आखडतो. म्हणून आमच्याकडे कुंडीत माती कमी, कचराच जास्त. कोपऱ्यावरचा रसवंतीवाला चिपाडं फुकट देतो, वर "ताई, अजून न्या" म्हणतो. ती आधी कडकडीत वाळवायची, नाहीतर मुंग्यांची रांग थेट स्वयंपाकघरात! तळाशी चिपाडं, वर वाळका पाला, मग भाज्यांची देठं-सालं, मूठभर जुनी माती, थोडं आंबट ताक, परत पाला. ओल्याच्या दुप्पट सुकं. वास मारायला लागलं की पाला कमी पडला समजायचं.

आज जुनी बादली उपसली. खाली काळंभोर, भुसभुशीत, चहापत्तीसारखं खत आणि त्यात न पेरलेलं टोमॅटोचं रोप! सासूबाई आधी "कचऱ्याचं काय कौतुक" म्हणाल्या, मग त्यांनीच ते अलगद काढून वेगळं लावलं.

आता दोडका लावायचाय. कुणाकडे रंगाच्या रिकाम्या बादल्या पडून असतील तर सांगा, येऊन घेऊन जाते.