शेवटून दुसरी दाढ

"मॅडम, दुखायचं तर कधीच थांबलं होतं यांचं. मग हे असं कसं झालं?"

जुलैमधला शनिवार होता. रात्रभर पावसाने झोडपलं होतं, हिंदमाताला पाणी भरलं होतं आणि सकाळचे निम्मे पेशंट फोन करून येत नाही म्हणाले होते. लालबागच्या माझ्या दातांच्या दवाखान्यात मी आणि माझी असिस्टंट, दोघीच. साडेअकराच्या सुमारास हे जोडपं आत आलं. त्याने तोंडाला टॉवेल धरला होता आणि टॉवेल पावसाने नाही, लाळेने भिजला होता. त्याला स्वतःची लाळ गिळता येत नव्हती.

खुर्चीत बसवलं. खुर्ची मागे झुकवायला गेले तर तो दचकून उठून बसला. पुन्हा झुकवली, पुन्हा उठला. तिथेच माझ्या पोटात गोळा आला. तोंड उघडायला सांगितलं, तर जेमतेम एक बोट जाईल एवढंच उघडलं. एरवी आपली तीन बोटं एकावर एक धरून समोरच्या दातांमध्ये सहज मावतात. हनुवटीखाली दोन्ही बाजूंना सूज, दाबली तर दबेना, पाटासारखी टणक. जीभ वर उचलली जाऊन टाळूला लागायला आलेली. बोलला तेव्हा आवाज गुळणी तोंडात धरून बोलावं तसा.

कॉलेजात शिकलेला आजार समोर बसला होता. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने १८३६ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून लुडविग्ज अँजायना. छातीशी, हृदयाशी त्याचा काही संबंध नाही. खालच्या शेवटच्या दोन दाढांची मुळं खोल जातात. जिभेखालचा स्नायू जबड्याला जिथे चिकटतो, त्याच्याही खाली. त्यामुळे तिथला पू हिरडीवर फोड होऊन बाहेर येण्याऐवजी थेट गळ्याच्या बाजूला उतरतो. सूज जिभेला वर आणि मागे ढकलते, आणि श्वासाची वाट बंद होत जाते. अँटिबायोटिक्स नव्हती तेव्हा यातले निम्म्याहून जास्त रुग्ण दगावत. असा माणूस आडवा झाला तर गुदमरतो. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण त्याच्या शरीराला कळत होतं.

माझ्या दवाखान्यात करण्यासारखं काहीच नव्हतं. केईएम हॉस्पिटलला फोन लावला, दवाखान्याला कुलूप घातलं आणि टॅक्सी थांबवली. त्याला पुढच्या सीटवर बसवलं, पुढे वाकून. "वहिनी, यांना मागे टेकू देऊ नका," एवढंच मी पुन्हा पुन्हा सांगत होते. रस्ता तुंबलेला. तेव्हा हा माणूस, ज्याला शब्द फुटत नव्हता, हाताने खुणा करून टॅक्सीवाल्याला वाट दाखवू लागला. इथून डावीकडे. आता सरळ. या गल्लीतून आत. एका हातात टॉवेल, दुसऱ्या हाताने रस्ता. तो स्वतः टेम्पो चालवतो, रात्री दोनला वाशीच्या मार्केटमधून भाजी भरून दादरला आणतो. मुंबईचे रस्ते त्याला तोंडपाठ.

त्या हाताकडे बघताना मला मार्च महिना आठवला.

मार्चमध्ये तो माझ्याकडे आला होता. डावीकडची खालची, शेवटून दुसरी दाढ. कीड दाढेच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली. एक्स-रे दाखवला, रूट कॅनाल सांगितलं, तो खर्च नको असेल तर काढून टाकू म्हटलं. त्याने विचारलं, "मॅडम, दाढ काढली की नजर कमी होते ना?" बाहेर चार पेशंट खोळंबले होते. "असं काही नसतं हो," म्हणत मी गोळ्या लिहून दिल्या. तो मान डोलावून गेला, तो गेलाच.

रात्रीच्या अंधारात गाडी चालवून पोट भरणारा माणूस नजरेबद्दल विचारत होता आणि मी त्याला चार शब्दांत वाटेला लावलं. याचं मला आजही वाईट वाटतं. पुढे त्याने लवंगेचं तेल लावलं, दाढेत तंबाखू दाबली, मेडिकलमधून तीच गोळी परत परत आणली. मे महिन्यात दुखणं एकदम थांबलं. घरात सगळ्यांना वाटलं, बरं झालं. खरं तर त्या दिवशी दाढेतली नस मेली. मेलेली नस दुखत नाही, पण सडते, आणि ती सड मुळाच्या टोकातून हाडात उतरत राहते. जुलैत सूज दिसल्यावर त्यांनी दोन दिवस बाहेरून गरम शेक दिला.

केईएममध्ये भूलतज्ज्ञांनी त्याला बेशुद्ध न करता, बसलेलाच ठेवून, दुर्बिणीने बघत नाकातून श्वासाची नळी घातली. गळ्याला भोक पाडायची तयारीही शेजारी मांडलेली होती, ती लागली नाही. मग हनुवटीखाली छेद देऊन पू काढला, ती दाढ काढली. रक्तातली साखर ३४० निघाली. आपल्याला मधुमेह आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. साखर वाढलेली असली की असा जंतुसंसर्ग फार झपाट्याने पसरतो.

नऊ दिवसांनी घरी सोडलं. पंधरवड्याने दोघं माझ्याकडे आले. हनुवटीखाली दोन ओल्या खुणा होत्या, पण तोंड दोन बोटांपर्यंत उघडत होतं. मी रोजचा व्यायाम दाखवला. मग वरची एक दाढ दाखवली, तीही किडलेली, आणि इतकी फुटलेली की ठेवण्यात अर्थ नव्हता. ती काढायची म्हटल्यावर त्याने बायकोकडे बघितलं.

या वेळी मी हातातला आरसा खाली ठेवला. कागदावर डोळा काढला, जबडा काढला, दोघांच्या नसा वेगवेगळ्या रेघांनी दाखवल्या. दाढेची नस संवेदना नेते, डोळ्याची नस नजर नेते, दोन्ही वेगळ्या. दाढा काढायची वेळ बहुतेकांवर चाळिशीनंतर येते, आणि जवळचं वाचायचा चष्माही त्याच वयात लागतो, म्हणून लोकांनी दोन्हींची गाठ मारली. वहिनींनी विचारलं, "म्हणजे आमच्या सासऱ्यांचंही तेच?" मी हो म्हटलं.

मग माझी दुसरी चूक लक्षात आली. मार्चमध्ये मी त्याला "रात्री ब्रश करून झोपा" असं सांगितलं होतं. तो रात्री झोपतच नाही. सकाळी अकराला झोपतो, आणि त्याआधी रात्रभर साखरेचे सात-आठ कटिंग चहा. प्रत्येक चहानंतर अर्धा तास तोंडात आम्ल राहतं, आणि झोपेत लाळ कमी झाली की दातांना धुऊन काढणारं काही उरत नाही. आता कागदावर लिहून दिलं: सकाळी माल उतरवून घरी आलात की फ्लोराइडच्या पेस्टने ब्रश, त्यानंतर फक्त पाणी, मग झोप. चहा बिनसाखरेचा, तो तर आता मधुमेहासाठीही हवाच.

त्याने कागदाची घडी घालून लायसन्सच्या पाकिटात ठेवली.

"गुरुवारी येतो," तो म्हणाला. "बुधवारी रात्री गाडी दुसऱ्याला देतो. वरची काढून टाका."