आमची वाटचाल: वकिलातीतून मैदानात

परराष्ट्र सेवेत मी काय शिकलो, तर विषय पुढच्या बैठकीवर ढकलायला. थट्टा नाही, ती कला आहे. तेवढ्यात दोन्हीकडचा राग निवतो. स्पर्धा भरवायला लागलो आणि ही कला कवडीमोल ठरली. उद्घाटन ९ वाजता म्हणजे ९ वाजता.

नोकरी सोडून आम्ही तिघांनी कंपनी काढली, तेव्हा भरवसा ओळखींवर होता. ओळखीचे लोक फोन उचलतात, एवढंच. पहिल्याच तलवारबाजी स्पर्धेत गुण दाखवणारी यंत्रं कस्टम्समध्ये अडकली. एटीए कार्ने होतं, म्हणजे जकात न भरता सामान तात्पुरतं आणून परत नेण्याचा १९६१ च्या करारातला दाखला. पण यादीतला एक क्रमांक यंत्रावरच्या क्रमांकाशी जुळेना. चूक आमचीच. यादी मीच नजरेखालून घातली होती. उसनी यंत्रं आणून पहिला दिवस निभावला. त्याचं कर्ज दोन वर्षं फेडत होतो. आता यादी एकजण मोठ्याने वाचतो, दुसरा पेटी उघडून बघतो.

जुनी नोकरी खरी कामी आली ती झेंड्यांत. लंडन ऑलिंपिकमध्ये, २०१२ साली, ग्लासगोच्या मैदानातल्या पडद्यावर उत्तर कोरियाच्या महिला फुटबॉलपटूंच्या फोटोंशेजारी दक्षिण कोरियाचा झेंडा झळकला. संघाने मैदान सोडलं, सामना तासभर रखडला. त्याच वर्षी कुवेतमध्ये एका नेमबाज महिलेच्या पदकप्रदानाला कझाकस्तानचं राष्ट्रगीत म्हणून एका विनोदी चित्रपटातलं विडंबन वाजलं! म्हणून आम्ही झेंडा दाखवून आणि राष्ट्रगीत ऐकवून प्रत्येक संघप्रमुखाची सही घेतो. एकदा आमच्या कचेरीत राष्ट्रगीत लावलं आणि संघप्रमुख बाई ताडकन उभ्या राहिल्या. मग आम्हीही. नावांचंही तसंच. तैवानचा संघ १९८१ च्या समझोत्यानुसार ‘चायनीज तैपेई’ म्हणून उतरतो, आणि संचलनात त्याची जागा ‘सी’खाली नाही, ‘टी’खाली.

व्हिसाचं दुखणं मात्र सुटलेलं नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये दिल्लीच्या नेमबाजी विश्वचषकाला पाकिस्तानी नेमबाजांना व्हिसा मिळाला नाही, तर त्यांच्या प्रकारातल्या ऑलिंपिक प्रवेशाच्या जागाच त्या स्पर्धेतून काढून घेतल्या गेल्या. व्हिसा देतं सरकार, झळ लागते स्पर्धेला. मी वर्षानुवर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो. परवा एका संघासाठी फोन केला, तर पलीकडून अगदी माझ्याच जुन्या सुरात उत्तर आलं, ‘अर्ज विचाराधीन आहे.’