गोलीची किक आणि रेफ्रीची जागा

टीव्हीवरच्या फुटबॉल मॅच बघून रेफ्री व्हायला आलेल्या पोरांना मी आधी एकच सांगते: टीव्हीतल्या रेफ्रीची जागा त्याच्यापाशीच राहू दे. तिथे गोलकीपरने बॉल हातात घेतला की रेफ्री तोंड गोलीकडे ठेवून मागे सरकत जातो, थेट सेंटर सर्कलच्या पलीकडे. त्याचं बरोबरच आहे. तिथला गोली हातातून किक मारतो ती अर्धं मैदान ओलांडून पडते.

आपल्याकडे शाळांच्या मॅचला तेच करून बघा. चौदा वर्षांचा गोली, पायात दादाचे जुने बूट. किक वर जाते तेवढी पुढे जात नाही. बॉल पडतो पेनल्टी एरियाच्या (गोलसमोरची मोठी चौकट, तिच्यातच गोलीला हात वापरता येतो) जरा पुढे, तिथे दहा-बारा पोरं एकमेकांच्या जर्सी ओढतायत, आणि रेफ्री एकटा सेंटरला उभा. इतक्या लांबून शिट्टी मारली तर कोण ऐकणार? आणि ऐकलीच तर विश्वास कोण ठेवणार?

म्हणून वॉर्मअप चालू असताना मी बॉलपेक्षा गोलींकडे जास्त बघते. कुठल्या पायाने मारतो, किक कुठल्या बाजूला वळते, किती लांब जाते. दमल्यावर ती आखूड होते, हेही धरून चालायचं. जून-जुलैत सोलापुरात वारा असतो. एका हाफला किक उडून जाते, दुसऱ्या हाफला तोच गोली, तीच ताकद, आणि बॉल वाऱ्यात लटकून खाली येतो. हाफ बदलला की माझी जागाही बदलते.

उन्हाळी कॅम्पच्या मॅचमध्ये आणखी एक भानगड. चाळीस अंशांच्या वर गेलेल्या उन्हात आपली काळी माती तापून सिमेंटसारखी होते. वरून आलेल्या बॉलचा पहिला टप्पा सगळ्यांच्या डोक्यावरून जातो आणि खरी मारामारी दुसऱ्या टप्प्याला होते. पहिल्या टप्प्याचा अंदाज घेऊन उभा राहिलेला रेफ्री त्या वेळी मागे राहतो. मी तेव्हा नेहमीपेक्षा जरा पुढे जाऊन थांबते. पावसाळ्यात चिखल झाला की बॉल पडतो तिथेच बसतो, मग पुन्हा मागे.

पण लांब की जवळ यापेक्षा मोठी गोष्ट आहे बाजूची. बॉल जिथे पडणार त्याच्या खाली कधीच नाही. तिथे उभं राहिलं की तुम्ही पोरांच्या वाटेत येता. शिवाय बॉल तुम्हाला लागून दुसऱ्या टीमकडे गेला किंवा त्यातून चांगला अटॅक सुरू झाला, तर २०१९ पासूनच्या नियमाने खेळ थांबवून ड्रॉप बॉल द्यावा लागतो, म्हणजे रेफ्रीने हातातून बॉल खाली सोडून खेळ पुन्हा सुरू करायचा. पोरांच्या मागेही उभं राहू नका. पाठी दिसतात, हात दिसत नाहीत. दहा-पंधरा मीटर बाजूला, आडव्या नजरेने बघता येईल असं. उडी मारणारे दोघं आणि त्यांच्यातली फट दिसली पाहिजे. मागच्याने पाठीला हात लावून ढकललं का, की पुढचाच उडी न मारता कंबर मागे टाकून त्याच्या खाली घुसला? हा दुसरा प्रकार फार चालतो, आणि लांबून बघणारा नेमका उलटा फाऊल देतो. बॉल हवेत असताना वर बघत बसू नये. बॉल खाली येणारच आहे. तेवढ्यात पोरांच्या कोपरांकडे बघून घ्या.

आता अडचण. २०२५-२६ पासून गोलीला बॉल हातात ठेवायला ८ सेकंद मिळतात. पूर्वी ६ होते, पण त्याची शिक्षा म्हणून इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावरून थेट गोल होत नाही) क्वचितच कोणी द्यायचं. आता उशीर केला की समोरच्याला कॉर्नर. शेवटचे ५ सेकंद रेफ्रीने हात वर करून सगळ्यांना दिसतील असे मोजायचे. म्हणजे मी बॉल पडायच्या जागेकडे निघालेली असले तरी गोलीला माझा हात दिसला पाहिजे. पाठ करून पळाले तर तो म्हणेल, मॅडम, मला काय माहीत? त्याच्यासमोर नाचून किक अडवणारा एखादा फॉरवर्ड असतोच, त्याच्यावरही एक डोळा. म्हणून मी तिरकी चालत जाते, छाती मैदानाकडे उघडी. बॉल हातातून सुटेपर्यंत नजर गोलीवर, सुटला की लगेच पोरांवर.

लाइनवर ट्रेनिंग घेतलेला असिस्टंट असेल तर गोलीने बॉल हातात घेऊन पेनल्टी एरियाची रेषा ओलांडली का, हे तो बघतो. आपल्याकडे बऱ्याचदा झेंडा एखाद्या टीमच्या राखीव पोराच्या हातात असतो. मग ऑफसाइडही माझ्याच गळ्यात, म्हणजे बॉल मारला तेव्हा फॉरवर्ड समोरच्या टीमच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे होता का, हे बघणं. आणि इथे हमखास ओरडा होतो, "मॅडम, गोलीच्या किकला ऑफसाइड नसतो की बे!" (‘बे’ तोंडातून गेला की जीभ चावतात, मी ऐकलं नाही असं दाखवते.) गोल किकला नसतो हे खरं. बॉल गोललाइनबाहेर गेल्यावर जमिनीवर ठेवून मारतात ती गोल किक. हातातून सोडून मारली तर खेळ चालूच असतो आणि ऑफसाइड लागतो. किक बसली त्या क्षणी फॉरवर्ड कुठे होता तेच धरायचं. तो क्षण आणि शेवटून दुसरा डिफेंडर, दोन्ही एका नजरेत बसतील अशी जागा मैदानात नाही. एक निवडावं लागतं. असिस्टंट नसेल तर गोलीने रेषेबाहेर बॉल हातात धरला का, हे बघणं मी सोडते. त्या हाताने इंचभर बाहेर जाऊन पोराला फारसा फायदा होत नाही, ऑफसाइडवरून मात्र थेट गोल होतो. हे नियमपुस्तकात लिहिलेलं नाही, हे माझं मत. माझ्याहून सीनियर रेफ्री यावर वाद घालतात, घालू देत.

आणि हुशार गोली असला तर तो तुम्हाला सेंटरपर्यंत जाऊ देतो, किक मारायचा आव आणतो आणि बॉल हाताने बाजूच्या डिफेंडरकडे लोटतो. तेव्हा पळत परत यायचं, दुसरं काय!